चिमुकली मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन वन्यजीव पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन पिढ्या एकत्र निघाल्या की सगळ्यात मोठी काळजी असते ती दोन टोकांची. पण चार वर्षांचं मूल आणि पंचाहत्तरीतले आजोबा यांच्या गरजा बऱ्याच जुळतात. दोघांनाही कमी फिरणं आणि जास्त थांबणं मानवतं, दोघांनाही शौचालय जवळ लागतं आणि दुपारी आडवं व्हायला मिळालं की संध्याकाळ चांगली जाते. ओढाताण होते ती बहुधा मधल्या पिढीच्या हौसेपायी: आलोच आहोत तर सिंह, बिबट्या, गेंडा, सगळं पाहूनच जाऊ. खालची उत्तरं लिहिताना सहल या दोन टोकांच्या बेताने आखली आहे असं धरलं आहे.

मूल किती वर्षांचं झालं की न्यावं?

आधी नियम पाहा, मग मुलाचा स्वभाव. नियम जागोजागी वेगळे असतात आणि ते दारात गेल्यावर कळले तर अख्खं कुटुंब अडकतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात उद्यानाच्या उघड्या गाडीतून होणाऱ्या फेरीला ६ वर्षांखालची मुलं घेत नाहीत आणि पायी फेरीला १२ वर्षांची अट आहे. मात्र त्याच क्रूगरमध्ये स्वतःच्या बंद गाडीतून तान्ह्या बाळालाही नेता येतं. रवांडा आणि युगांडात डोंगरी गोरिला पाहायला वयाची किमान अट १५ वर्षांची आहे. खासगी लॉजचे स्वतःचे नियम असतात, ते आरक्षणाआधी लेखी विचारून घ्या.

ही अट फक्त गोंगाटासाठी नसते. उघड्या गाडीत लहान मूल एकदम उभं राहतं, किंचाळतं, बाहेर वाकतं. शिकारी प्राण्याला सवयीची असते ती गाडीची एकसंध आकृती. तिच्यातून काहीतरी छोटंसं वेगळं हललं की त्याचं लक्ष तिकडे जातं.

स्वभावाचं म्हणाल तर तीन वर्षांखालच्या मुलाला दूरच्या प्राण्यात सहसा रस वाटत नाही. त्याच्यासाठी खास लांबचा प्रवास करण्यात अर्थ नाही. मोठ्यांना जायचंच आहे म्हणून ते सोबत येत असेल तर जरूर न्या, फक्त त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. चार ते सहा या वयात जवळचे, मोठे आणि हलणारे प्राणी छान पाहता येतात. सात-आठनंतर मूल वाट पाहायला शिकतं आणि तिथून पुढे खरी मजा सुरू होते.

आजी-आजोबांना झेपेल का, हे घरीच कसं ओळखायचं?

वयाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. तीन गोष्टी घरी करून पाहता येतात. एक, गुडघ्याएवढ्या उंच पायरीवर हाताने धरून चढता आणि विशेषतः उतरता येतं का. सफारीच्या गाड्यांना अशा दोन-तीन पायऱ्या असतात. दोन, पाठीला टेकू न देता किती वेळ बसता येतं. तीन, शौचालयाला न जाता किती वेळ निघतो.

हाडं ठिसूळ झाली असतील, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असेल, तर कच्च्या रस्त्यावरच्या गाडीचा बेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय आखू नका. एखाद्या जोरदार आदळीने मणका चेपला जाऊ शकतो. ही भीती घालण्याची गोष्ट नाही. पण पाठीला जपून असलेल्या आजींना कोणी मागच्या बाकावर बसवून खड्ड्यांतून नेलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्याच आजींना दुसऱ्या एखाद्या जागी यापेक्षा जास्त प्राणी आरामात दिसले असते.

मग जीपमधली सफारी नको म्हणता? दुसरं काय असतं?

जीप हवी त्यांनी जीप घ्यावी. पण एका जागी बसून किंवा सपाट वाटेने फिरून प्राणी दिसतात अशा उत्तम जागा जगभर आहेत आणि अशा कुटुंबासाठी माझी पहिली शिफारस त्यांचीच असते.

नामिबियातल्या इटोशा उद्यानात ओकाउकुएजो हा मुक्काम आहे. मुक्कामाला लागूनच पाणवठा, मध्ये कुंपण-भिंत आणि अलीकडे बाकं. रात्री तिथे दिवे लागलेले असतात. कोरड्या ऋतूत, साधारण मे ते ऑक्टोबर, आजूबाजूचं पाणी आटतं आणि प्राणी पाणवठ्यावर येतात: हत्ती, जिराफ, झेब्रे, रात्री काळे गेंडेसुद्धा. आजोबा बाकावर, मूल मांडीवर, खोली दोन मिनिटांवर. मूल झोपलं तर एकाने त्याला घेऊन जायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. कोणाचीच फेरी वाया जात नाही.

बोट्सवानाच्या चोबे नदीवर बोटीतून हत्ती पाहतात. संथ पाण्यावरची बोट कच्च्या रस्त्यासारखी पाठीला हादरे देत नाही, आणि हत्तींचे कळप पाणी प्यायला, डुंबायला काठावर येतात तेव्हा त्यांची पिल्लंही सोबत असतात. पाण्यात मगरी आणि पाणघोडे आहेत, तेव्हा मुलांचे हात कठड्याच्या आत आणि अंगात तरंगजाकीट, यात सवलत नाही.

अमेरिकेच्या एव्हरग्लेड्समध्ये अनहिंगा ट्रेल नावाची सुमारे १.३ किलोमीटरची सपाट वाट आहे. काही भाग डांबरी, काही लाकडी फळ्यांचा, चाकाची खुर्ची सहज जाते. बगळे, पाणकावळ्यासारखे पक्षी आणि मगरीच्या जातकुळीतले अॅलिगेटर जवळून दिसतात. अमेरिकेतल्याच यलोस्टोन उद्यानाच्या लमार खोऱ्यात लोक रस्त्याकडेच्या थांब्यावर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून लांबचे लांडगे पाहतात. १९९५ मध्ये तिथे लांडगे पुन्हा आणून सोडले, तेव्हापासून हे खोरं लांडगे पाहण्यासाठी नावाजलेलं आहे. चालणं जवळजवळ शून्य.

बोर्निओतलं सेपिलोक ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ पासून चालू आहे. तिथे फळ्यांच्या वाटेने मचाणापर्यंत जाता येतं आणि खाऊ घालण्याच्या ठरलेल्या वेळी ओरांगउटान येण्याची शक्यता जास्त असते. ऑस्ट्रेलियाच्या फिलिप बेटावर अंधार पडता पडता जेमतेम ३३ सेंटिमीटर उंचीचे पेंग्विन समुद्रातून बाहेर येऊन बिळांकडे चालत जातात. बसायला पायऱ्या आहेत, फळ्यांच्या वाटा आहेत. फोटो काढायला बंदी आहे आणि मुलांच्या दृष्टीने ते उत्तमच. सगळे डोळ्यांनी बघतात. फक्त वारा बोचरा असतो, पांघरूण न्या. इंग्लंडमधलं स्लिमब्रिज हे १९४६ साली सुरू झालेलं पाणथळ केंद्र हिवाळ्यात येणाऱ्या हंस-बदकांसाठी असंच सोयीचं आहे. लपणघरात बसून काचेमागून पक्षी पाहता येतात.

दिवस कसा आखावा?

प्राणी पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास जास्त हालचाल करतात, आणि नेमक्या त्याच वेळा मुलांना आणि ज्येष्ठांना जड जातात. म्हणून दिवसाला एकच फेरी ठेवा. पहाटेची घेतली तर दुपार आणि संध्याकाळ मुक्कामीच. दुसऱ्या दिवशी हवं तर संध्याकाळची घ्या. तीन दिवसांत तीन चांगल्या फेऱ्या होतात. सहा फेऱ्या केल्या तर चौथीपासून कोणी ना कोणी आजारी किंवा चिडलेलं असतं.

पोहोचल्याच्या दिवशी फेरी ठेवू नका. मुक्काम बदलत राहू नका. एका जागी चार रात्री राहिलात तर मुलाला खोली, बिछाना, जेवणाची जागा ओळखीची होते, आजींना रात्री न्हाणीघराची वाट अंधारातही सापडते. नव्या जागी रात्री उठून पडणं हा ज्येष्ठांच्या बाबतीत प्राण्यांपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. उशाशी टॉर्च ठेवाच. जंगलातल्या मुक्कामांना बाहेर फारसे दिवे नसतात आणि वय झालेले डोळे अंधाराला सरावायला जास्त वेळ घेतात.

गाडीत कोणी कुठे बसावं?

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात हादरे कमी बसतात. मागच्या चाकांवरचं बाक सगळ्यात जास्त उडतं. तिथे धडधाकट माणसांनी बसावं. ज्येष्ठांना मधली रांग, कडेला, म्हणजे धरायला दांडा मिळतो. मूल दोन मोठ्यांच्या मध्ये, कडेला कधीच नाही. बंद गाडी असेल तर मुलाची सीट घरून न्या किंवा आधी सांगून मागवा, आणि पट्टा सुटा ठेवून "पार्कातच तर आहोत" असं म्हणू नका.

गाडी पूर्ण कुटुंबासाठी घ्या. अनोळखी लोकांसोबत बसलात की परत फिरायचं स्वातंत्र्य जातं. खर्चात कुठे काटकसर करायची असेल तर खोलीत करा, गाडीत नको.

चढ-उताराला घडीचं स्टूल सोबत असू द्या. उतरताना ज्येष्ठांनी गाडीकडे तोंड करून, शिडी उतरतात तसं उतरावं आणि खाली एकाने कंबरेशी आधार द्यावा. दंड धरून ओढलं तर तोल उलट जातो.

शौचालयाचं काय करायचं? विचारायला संकोच वाटतो.

संकोच करू नका, हा या सगळ्यातला फार महत्त्वाचा प्रश्न आहे. बरेच ज्येष्ठ फेरीच्या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वयाबरोबर तहान कमी जाणवते, त्यात ऊन आणि वारा. मग चक्कर, गोंधळ, लघवीचा जंतुसंसर्ग. "गाडी मध्ये थांबणार आहे, शौचालय कुठे आहे ते मला माहीत आहे" एवढं वाक्य आदल्या रात्री ऐकलं तरी आजी निवांत पाणी पितात.

ते वाक्य खरं करण्यासाठी गाईडला निघण्याआधी विचारा: या वाटेवर शौचालय किती वेळाने येतं? दीड तासापेक्षा जास्त अंतर असेल तर वाट बदलून मागा. काही उद्यानांत ठरलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरायला सक्त मनाई असते, क्रूगर त्यातलंच. तिथे झुडपामागे जाणं हा पर्यायच नाही. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर फेरीच्या दिवशी त्या कधी घ्याव्यात हे डॉक्टरांना आधी विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. प्रौढांचे डायपर वापरायचे असतील तर एकदा घरी वापरून पाहा. ज्यांना ते वापरायचे आहेत त्यांच्याशी हे एकट्यात बोला, सगळ्यांसमोर नाही.

मुलांचं सोपं आहे. डायपर नुकताच सुटलेल्या मुलाला फेरीपुरता पुन्हा घाला आणि त्याला तसं आधी सांगा, म्हणजे त्याला लाजल्यासारखं होत नाही.

गाडी किंवा बोट लागते. गोळी द्यावी का?

दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचं प्रमाण जास्त असतं. पुढे नजर लागेल असं बसवा, मोबाइल आणि पुस्तक बंद, निघताना पोट ना रिकामं ना तुडुंब. बोटीत मधोमध आणि खालच्या मजल्यावर कमी हलतं.

गोळीबाबत दोन इशारे. उलटीवरच्या अनेक जुन्या औषधांनी झोप येते. ज्येष्ठांना त्यांनी गोंधळल्यासारखं होऊ शकतं, लघवी अडकू शकते, तोल जाऊ शकतो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती विशेष घातक. आणि २ वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन हे त्यातलंच एक औषध देत नाहीत. काही मुलं अशा औषधाने झोपण्याऐवजी उलट बेफाम होतात, म्हणून पहिला डोस प्रवासात देऊ नका, घरी देऊन पाहा. अर्थात बालरोगतज्ज्ञांना विचारून.

देवमासे पाहायचे असतील तर खुल्या समुद्राऐवजी आडोशाचा उपसागर निवडा. ऑस्ट्रेलियाच्या हर्वी बे इथे जुलै ते ऑक्टोबर या काळात हंपबॅक देवमासे पिल्लांसह विश्रांतीला येतात आणि समोरच्या मोठ्या बेटामुळे पाणी बऱ्यापैकी शांत असतं.

मलेरिया आणि लसींचं काय?

पाच वर्षांखालच्या मुलांना मलेरिया जास्त गंभीर होतो, ज्येष्ठांनाही तो सोसत नाही. म्हणून लहान मूल सोबत असेल तर मलेरिया नसलेली जागा निवडणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. दक्षिण आफ्रिकेत पिलान्सबर्ग, मादिक्वे आणि अॅडो ही उद्यानं तशी आहेत आणि तिन्हीकडे हत्ती, सिंह दिसतात. वर सांगितलेले इटोशा आणि चोबे मात्र मलेरियाच्या पट्ट्यात येतात. तिथे जायचं तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. मलेरियाचे डास संध्याकाळ ते पहाट चावतात, त्यामुळे सूर्यास्ताच्या आधीच पूर्ण बाह्यांचे कपडे चढलेले हवेत.

डास पळवणाऱ्या मलमांतलं डीईईटी हे रसायन २ महिन्यांखालच्या बाळाला लावत नाहीत आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल ३ वर्षांखालच्यांना नाही. मुलांच्या तळहाताला लावू नका, तो हात थेट डोळ्यात आणि तोंडात जातो.

पीतज्वराची लस काही देशांत प्रवेशासाठीच लागते. ती साधारणपणे ९ महिन्यांखालच्या बाळांना देत नाहीत, आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणजे कुटुंबाची दोन्ही टोकं इथे अडू शकतात. तिकिटं काढण्याआधी हा प्रश्न निकाली काढा.

नेहमीची औषधं कशी न्यावीत?

हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि परतीला उशीर झाला तर म्हणून जास्तीची. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि बर्फाला थेट टेकवूही नका; गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. पहाटेच्या फेरीमुळे जेवणाची वेळ सरकते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनची वेळही डॉक्टरांकडून सरकवून घ्या आणि खाऊ हाताशी ठेवा.

फेरीत मूल रडायला लागलं तर?

परत फिरा. गाईडला आधीच सांगून ठेवा की असं होऊ शकतं. मुलाला गप्प करण्यासाठी दटावलं की त्याच्या मनात प्राणी पाहणं म्हणजे शिक्षा असं बसतं. भूक, लघवी, थंडी, झोप या क्रमाने तपासा. बहुतेक वेळा पहिल्या दोघांतच उत्तर मिळतं.

प्राण्यांपासून किती लांब राहायचं?

प्रत्येक ठिकाणाचा नियम वेगळा आहे. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, बायसन (रानगव्यासारखा मोठा प्राणी) आणि एल्क या मोठ्या हरणासारख्या प्राण्यांपासून किमान २३ मीटर. गालापागोस बेटांवर प्राणी माणसाला घाबरत नाहीत, तरी २ मीटर लांब राहायचं. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून ५ मीटर.

हे आकडे मुलांना सांगून उपयोग नाही. त्यांना अंगठ्याची रीत शिकवा: हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा, अंगठा उभा धरायचा. अंगठ्यामागे प्राणी पूर्ण झाकला तर ठीक, झाकला नाही तर मागे सरकायचं. ही ढोबळ रीत आहे, पण मुलं ती मन लावून करतात आणि मोठ्यांवरही लक्ष ठेवतात.

गवत खाणारा प्राणी गरीब असतो हा समज आधी काढून टाका. यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसं जखमी केली आहेत ती बायसनने. शांतपणे चरणारा तो अगडबंब प्राणी माणसाच्या तिप्पट वेगाने धावू शकतो, आणि काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

प्यूमा (अमेरिका खंडांतला मार्जारकुळातला मोठा शिकारी प्राणी), बिबट्या, तरस यांच्या भागात पायी असताना मुलाला पुढे पळू देऊ नका आणि मागेही रेंगाळू देऊ नका. छोटी आकृती आणि पळणं, दोन्हींनी शिकारी प्राण्याचं लक्ष वेधलं जातं. प्यूमा समोर आलाच तर मुलाला पटकन उचलून घ्या, पण शक्यतो वाकून नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या प्राण्यासारखा दिसतो. पाठ फिरवून पळायचं नाही. मुक्कामाच्या आवारातही अंधार पडल्यावर मुलाचा हात सुटू नये. कुंपण नसलेल्या मुक्कामांत खोलीपासून जेवणघरापर्यंत पहारेकरी सोबत येतो. तो येईपर्यंत दार उघडू नका.

माकडं हातातलं खेचतात. काय करावं?

खाणं दिसूच देऊ नका. मुलाच्या हातात पुडा असेल तर माकड मुलाच्याच उंचीवर येतं. त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहणं आणि दात दाखवून हसणं त्यांना धमकी वाटू शकतं. पुडा धरलाच तर सोडून द्या, ओढाताण नको. कोणत्याही प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. जखम छोटी आहे म्हणून थांबू नका. लहान मुलं कधीकधी ओरबाडल्याचं सांगत नाहीत, तेव्हा संध्याकाळी आंघोळीच्या वेळी हातपाय नीट पाहा. तेव्हाच कानामागे आणि केसांत गोचिड आहे का तेही पाहून घ्या.

दुर्बीण कोणती घ्यावी? मुलाला तर काहीच दिसत नाही म्हणतो.

मुलाचं खरं असतं. मोठ्या माणसांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणींच्या दोन नळ्या साधारण ५५ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ५० मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यामुळे त्याला एकतर काळं दिसतं किंवा दोन वेगवेगळी वर्तुळं. मूल "दिसलं" म्हणतं ते आपल्याला बरं वाटावं म्हणून. नळ्या जवळ येणारी, हलकी, सहापट मोठं दाखवणारी दुर्बीण त्याला द्या. आधी घराच्या खिडकीतून समोरची पाटी वाचायला लावा. डोळे वस्तूवरच ठेवून दुर्बीण वर आणायची, दुर्बीण लावून वस्तू शोधायची नाही. ही एक युक्ती जमली की पक्षीही सापडतात.

ज्येष्ठांसाठी ८×३२ किंवा ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ३२ किंवा ४२ मिलिमीटरची. दहापट किंवा बारापट घेण्याच्या मोहात पडू नका. हाताची थरथर तेवढ्याच पटीने वाढते. चष्मा असेल तर तो काढायची गरज नाही, डोळ्याजवळच्या रबरी कडा आत फिरवून चष्म्यासकटच पाहायचं. दुकानात आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किती ते विचारा, १५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. मान दुखत असेल तर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून येणारे पट्टे घ्या, कोपर टेकायला गाडीचा दांडा किंवा काठीची मूठ वापरा.

मुलाला कंटाळा येतो. सिंह झोपलेलाच असतो.

सिंह दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो, त्यात मुलाचा दोष नाही. त्याला चालू असलेलं काहीतरी दाखवा. शेणकिड्यासमोर गाडी थांबवायला सांगा. मागच्या पायांनी गोळा ढकलत, स्वतः उलटा होऊन तो निघालेला असतो. गोळा उतारावर घरंगळतो, किडा त्याच्यासोबत गडगडतो, पुन्हा उठतो, गोळ्यावर चढून एक गिरकी घेतो आणि परत दिशा धरतो. ती गिरकी म्हणजे आकाशातल्या खुणा पाहून दिशा ठरवणं. काही जातींचे किडे रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरूनही वाट धरतात. पाच वर्षांचं मूल हे पंधरा मिनिटं पाहतं. वाळवीची वारुळं, जिराफाची निळसर जीभ, हत्तीच्या पावलाचा ठसा, हेही तसंच.

हंगामही या दृष्टीने निवडा. टांझानिया-केनियातल्या सेरेंगेटी-मारा भागात जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डेबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप नदी ओलांडतात ते दृश्य मोठं असतं, पण त्यासाठी उन्हात गाड्यांच्या गर्दीत तासन्‌तास थांबावं लागतं आणि कळप शेवटी माघारीही फिरतो. अशा कुटुंबाला मी दक्षिण सेरेंगेटीतला जानेवारी ते मार्चचा काळ सुचवेन. तेव्हा आखूड गवताच्या मैदानात त्यांची वासरं जन्मतात. जन्मल्यावर काही मिनिटांत लटपटत उभं राहणारं वासरू मुलालाही समजतं. शिकारीही त्याच काळात होतात, त्याची मुलाला आधी कल्पना द्या आणि त्याला बघायचं नसेल तर गाडी हलवा.

आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांना एकटं पडल्यासारखं होतं.

वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. युरोपातल्या गोल्डक्रेस्ट या चिमुकल्या पक्ष्याचं गाणं सुमारे ७-८ किलोहर्ट्झला असतं, ते अनेक ज्येष्ठांना अजिबात ऐकू येत नाही आणि नातवाला स्वच्छ येतं. म्हणून नातवाला आजोबांशेजारी बसवा: आवाज कुठून येतो ते नातवाने सांगायचं, दुर्बिणीतून आजोबांनी शोधायचं. दोघांनाही काम मिळतं. गाईडला चालत्या गाडीत न बोलता थांबून, आजोबांकडे तोंड करून बोलायला सांगा. श्रवणयंत्रात वाऱ्याचा आवाज फार येतो, कानावरून टोपी किंवा रुमाल घेतला तर फरक पडतो.

बछड्याला मांडीवर घेऊन फोटो मिळतो. मुलाला आवडेल, घ्यावा का?

नाही. त्यासाठी बछडी आईपासून लवकर तोडली जातात आणि मोठी झाली की त्यांना ना जंगल उरतं ना गिऱ्हाईक. अमेरिकेने २०२२ मध्ये मोठ्या मार्जारकुळातल्या प्राण्यांशी लोकांचा असा थेट संपर्क कायद्याने बंद केला. हत्तीच्या पाठीवरची फेरीही टाळा. सहा वर्षांच्या मुलाला खरं कारण सांगितलं तर ते समजतं, आणि बहुतेक वेळा मोठ्यांपेक्षा जास्त ठाम राहतं.

सर्दी-खोकला असताना गेलं तर चालतं?

गोरिला आणि ओरांगउटान यांच्याकडे अजिबात नाही. आपले श्वसनाचे आजार त्यांना होतात. गोरिला पाहताना १० मीटर अंतर आणि मास्क याचसाठी असतं आणि आजारी माणसाला परत पाठवलं जातं. ज्या ज्येष्ठांना जायची इच्छा आहे पण चढ झेपत नाही, त्यांना खुर्चीत बसवून नेणारे भोई रवांडा-युगांडात मिळतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं.

कपड्यांचं थोडक्यात सांगा.

एकावर एक थर. टांझानियातल्या एन्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर, म्हणजे सुमारे २,२०० मीटर उंचीवर, पहाटे थंडीने दात वाजतात आणि दुपारी खाली विवरात घाम फुटतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर या उंचीबद्दलही आधी विचारून घ्या. त्सेत्से ही आफ्रिकेतली चावणारी माशी असलेल्या भागात गडद निळा आणि काळा रंग नको, ती त्याकडे येते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि अंगभर सैल कपडे.

सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायला हवं का?

मुळीच नाही. पायी फेरी, लांबची पहाटफेरी यांना मधल्यांपैकी एकाने जावं, दुसऱ्याने मागे थांबावं आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. आजी-आजोबांना मुलं सांभाळायला कायम मागे ठेवू नका. तेही प्राणी पाहायलाच आले आहेत. निदान एक फेरी फक्त त्यांची असू द्या, मुलांशिवाय, त्यांच्या वेळेने.

आई-वडील न येता आजी-आजोबाच नातवंडांना नेणार असतील तर?

परदेशी जायचं असेल तर आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागू शकतं; त्या देशाचा नियम पाहा आणि ते नोटरी करूनच ठेवा. उपचारांना संमती देण्याचा अधिकार आजी-आजोबांना दिल्याचं वेगळं पत्र, मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत, रक्तगट आणि अॅलर्जी लिहिलेला कागद सोबत हवा. विमा काढताना ज्येष्ठांचे जुने आजार न लपवता लिहा, नाहीतर दावा नाकारला जातो. पॉलिसीत दुर्गम भागातून रुग्णालयापर्यंत विमानाने हलवण्याचा खर्च आहे का, हे नेमकं वाचा. जवळचं रुग्णालय मुक्कामापासून किती तासांवर आहे ते लॉजला आधी विचारा, आणि विमा कंपनीचा आपत्कालीन क्रमांक मोबाइलसोबत कागदावरही लिहून आजी आणि आजोबा दोघांच्याही खिशात ठेवा.